मंगलच्या खुर्चीसाठी वेगळी चूल

२१ जून, बुधवार

पंचायतीच्या दारावर कागद लागला. उरलेल्या अडीच वर्सांला अध्यक्ष बाईच पायजे, असा वरनं हुकूम. कट्ट्यावरच्या पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली. जो तो आपल्या बायकोकडं नव्यानं बघायला लागलाय.

आमच्या घरात मेंबर हाय. माझी सून, मंगल. पण आज ती गावात न्हाय. माझ्या नातीच्या, अनूच्या, नर्सिंग कॉलेजात पालकाची सही लागते म्हणून बेळगावला गेलीया. बायकांना बस फुकट झाल्यापासनं माणसं बेळगावला अशी जात्यात, जशी मी परसात जाते. तिथंच पिरनवाडीला लेकीच्या खोलीवर राहील, शनिवारी येईल.

गुडघा ठणकतोय. तेल लावलं.

२२ जून, गुरुवार

दुपारी राम आला. माझ्या भावाचा थोरला. गावाला रामअण्णा, मला राम्या. चहा बशीत ओतून घेतला, म्हणजे काम हाय हे कळलं. काम नसलं की कपानं पितो.

"आत्ती, तेरा मेंबर. सहा माझ्याकडं, सहा बसगोंडाकडं, तो धरून. तेरावी तुझी सून."

म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंतच, पण एवढं मोजता येतं.

त्याला त्याच्या बायकोला, रत्नाला, खुर्चीवर बसवायचंय. रत्ना मेंबर हायच. बिरोबाच्या देवळात त्याचे सगळे जमलेते. भंडारा उचलत हुते. हळद मुठीत घ्यायची, देवासमोर शब्द द्यायचा. त्यानंतर फिरला तर माणूस न्हाय, घरच फिरतं, देव सोडत न्हाय. राम म्हणाला, मंगल न्हाय तर तू चल. थोरली तू, घराचा शब्द तुझा.

गेले. उचलला. गुरव म्हणाला तसं त्याच्यामागनं म्हटलं. माझ्या घराचं मत रत्नाला.

यात इचार करायचं काय हुतं? दिलीप गेला त्या पावसात ओढ्याला छातीएवढं पाणी. मसणवटी पलीकडं. माझ्या लेकाची तिरडी घेऊन पाण्यात शिरायला कोण पुढं हुईना. राम पुढच्या बांबूला गेला. नाकातोंडात पाणी जाईस्तवर गेला. ते मी कसं इसरू.

हात धुतले तरी हळद जाईना. संध्याकाळच्या भाकऱ्या पिवळ्या.

२४ जून, शनिवार

मंगल आली. खडेबाजारातनं माझ्यासाठी चपला आणल्या, मऊ तळाच्या. म्हटलं, मला कुठं नाचायला जायचंय. घालून बघितल्या. बऱ्या हायत.

पाय धुतले न धुतले तोवर सांगायला लागली. बसगोंडा अण्णांचा फोन तिला बेळगावातच आलता. "आत्याबाई, ते मला म्हणत्यात, तुम्हीच उभ्या राव्हा. आमचे सहा तुमच्या मागं."

बसगोंडाला तेराव्या मताची गरज. तेरावं मत खुर्चीशिवाय येत न्हाय हे त्याला कळलेलं दिसतंय. मी म्हटलं, तो खुर्ची देईल पण एक पाय स्वतःच्या हातात ठेवून. तर म्हणते कशी, "तीन पायांवर बसायची सवय हाय की मला. माझं शिलाईचं मशीनबी तसंच डुगडुगतंय."

मग ओढ्याचं बोलली. अध्यक्षानं मीटिंगमधी विषय घेतला की लिहून घ्यावाच लागतो. पहिला विषय साकव. माणसाला मेल्यावर तरी कोरडं जाता यावं, म्हणाली. नाव घेतलं न्हाय दिलीपचं. मला ऐकू आलं.

तिच्या तोंडावर एवढा उजेड कैक दिवसांत बघितला न्हवता. मी पीठ मळत हुते. मळतच राहिले.

२५ जून

सांगितलं न्हाय.

२६ जून, सोमवार

आजबी न्हाय.

मंगल ब्लाउज शिवता शिवता कन्नड वाचतीया, मोठ्यानं. नडावळी, नडावळी. म्हणजे मीटिंगमधी काय झालं ते लिहून ठेवत्यात ते. निवडून आली तवा पहिल्या मीटिंगला एक अक्षर कळलं न्हवतं. मान हलवून, सही करून आलती. घरी येऊन म्हणाली, मी कशावर सही केली ते मलाच ठाऊक न्हाय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांतव्वाच्या नातवाचं पहिलीचं पुस्तक मागून आणलं. आता पंचायतीच्या पीडीओ साहेबाला कन्नडात प्रश्न घालते. मेंबर येत्यात जात्यात, साहेब सरकारी, तो बसलेलाच. तिनं विचारलं की चष्मा काढून पुसतो म्हणं. मंगल नक्कल करून दाखवते. हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचंच.

२८ जून, बुधवार

सांगितलं.

भांडी घासताना सांगितलं, म्हणजे एकमेकींकडं बघायला लागत न्हाय.

तिनं कढई पालथी घातली. विचारलं, "शब्द कुणावर घेतला? तुमच्या एकट्यावर?"

"घरावर."

"घरात अनू येते, आत्याबाई."

एवढंच. रागावली असती तर मी चार सुनावल्या असत्या आणि मिटलं असतं. ती काय रागावत न्हाय. मशीनवर कापड घातलं आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपडे ओलेच हुते.

३० जून, शुक्रवार

रामकडं गेले, नव्या चपला घालून. म्हटलं, भंडारा माघारी दे.

तो म्हणाला, "आत्ती, भंडारा काय उसनी साखर हाय व्हय?"

"मी तिला न विचारता उचलला."

"मग विचारायचंस. मी काय तुझा हात धरून मुठीत हळद घातली?"

न्हाय घातली. खरं हाय.

रत्ना आतनं पोहे घेऊन आली. तिला म्हटलं, बाई गं, तुला तरी बसायचं हाय का त्या खुर्चीवर? तर म्हणते, "आत्ती, मला कोण विचारतंय. मी बसणार, बोलणार हेच. मी आपली तिथं वाटाणे सोलीन." राम हसला. वाईट न्हाय पोरगं. रस्ता केला, खांबावर दिवे आणले. साकवाचं काढलं तर म्हणतो, ओढा पंचायतीचा न्हाय, वरच्या खात्याचा, लई कागद लागत्यात, कोण करणार.

तिरडी धरली ते एकदाबी बोलला न्हाय. बोलला असता तर भांडता आलं असतं.

पोहे तिखट हुते.

३ जुलै, सोमवार

मंगल म्हणाली, बसगोंडा अण्णांना न्हाय म्हणून कळवते. उभी राहत न्हाय, आणि मत रत्नाला घालते.

म्हटलं, मेंबर झालीस, साहेबाला घाम फोडतीस, आणि मूठभर हळदीला भितीस?

"तुम्ही भित न्हाय?"

काय सांगू. माझं देव काय घेणार आता? गुडघे? घेऊ दे, मला तरी कुठं पायजेत. पण पोरगी बेळगावात रस्ता ओलांडते. रात्रपाळीला दवाखान्यात जाते. मी म्हटलं, भिते.

तिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. तिनं ताटात कधी टाकलेलं मी बघितलं न्हाय. लग्न होऊन आली तवा मीच दटावलंवतं, या घरात ताटात टाकत न्हाईत म्हणून.

तिला म्हटलं, कळवायचं चार दिस थांब. विचारलं न्हाय तिनं कशाला.

५ जुलै, बुधवार

गुरवाकडं. देवळात न्हवता, म्हशीला पाणी दाखवत हुता.

विचारलं, घर म्हणजे काय रं? भिंती का माणसं?

म्हणाला, "म्हातारे, सकाळसकाळी कसलं कोडं?"

"कोडं न्हाय. मी घराचा शब्द दिलाय. घर कुठं संपतं ते सांग."

म्हशीचं पिऊन होऊ दिलं. मग सांगितलं. एका चुलीवर जेवत्यात ते घर. भाऊ भाऊ वेगळे झाले तर जुना शब्द ज्यानं दिला त्याच्या चुलीबरोबर जातो. दुसऱ्या चुलीला लागत न्हाय. मात्र त्याच्या चुलीवरचं जो खाईल तो त्याच्या घरचा. बाहेरनं त्याच्याकडं आलेलं चालतं.

"पक्कं?"

"माझ्या बापानं सांगितलेलं सांगतो. पक्कं देवाला ठाऊक."

म्हटलं, देवाला ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं. नारळ दिला. आधी देणार न्हवते.

६ जुलै, गुरुवार

मागच्या खोलीत जुनी चूल हाय, मी विड्या वळायला बसायचे ती खोली. तंबाखूचा वास अजून गेलेला न्हाय. सारवली. तवा माझा, परात माझी, माहेरनं आलेला तांब्या माझा. बाकी तिचं.

मंगल दारात आली. "हे काय?"

"वेगळी होते."

आधी तिला कळलं न्हाय. मग गुरवाचं सांगितलं. मग कळलं. खाली बसली दारातच.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या चुलीवर आपण कधी जेवलो?"

"आणि किती दिवस?"

ते मी इचारात घेतलं न्हवतं. खुर्ची अडीच वर्सांची. म्हटलं, बघू.

ती म्हणाली, "मला न्हाय पायजे असली खुर्ची."

तवा मी चिडले. म्हटलं, खुर्ची तुला पायजे का नको ते तू ठरव, पण माझ्या मुठीमुळं नको म्हणू नकोस. मी घराचा शब्द दिला घराला न विचारता. घर मोठं हुतं, मी लहान केलं. आता माझ्याएवढंच केलंय. ऊठ, दूध आण, उतू घालायचं हाय.

आणलं. शांतव्वा आणि गुरव दोघांना साक्षीला बोलवलं. दूध उतू गेलं. धुरानं मंगलचे डोळे लाल. धूर लई हुता खरा.

७ जुलै

राम आला, उभ्या उभ्याच. "आत्ती, ही पळवाट हाय."

"व्हय."

"लोक हसत्यात."

"हसू देत. माझ्या घराचं मत रत्नालाच हाय. माझ्या घरात मत असलं तर घेऊन जा."

चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हसू आवरत हुता का राग, कळलं न्हाय. त्याच्या बापाचंबी कळायचं न्हाय.

गावात उठलंय, खुर्ची यायच्या आधीच सासू बाहेर काढली. पाणी भरताना एक बाई मंगलला टोचून बोलली. मी नळावर जाऊन त्या बाईला तिच्या सासूचं कसं चाललंय ते विचारून आले.

१२ जुलै, बुधवार

एकटीसाठी भाकरी करायचं माप चुकतंय. रोज एक उरते. कुत्र्याला घालते. कुत्रं माझ्या घरचं झालं म्हणायचं, त्याला सांभाळावं लागंल.

मंगल वाटीत भाजी आणते. तिच्याकडनं यायला हरकत न्हाय. माझं तिकडं जायचं न्हाय. आज दोडका. मीठ कमी. सांगितलं. म्हणाली, वेगळ्या राहून नावं ठेवता? म्हटलं, वेगळं झाल्यावरच ठेवायची असत्यात, एकत्रात भांडण हुतं.

भिंतीला वर एक झरोका हाय. संध्याकाळी ती तिकडं बसते, मी इकडं. बोलणं चालतं. पयल्यापेक्षा जास्त बोलतोय. समोर असताना एवढं सुचत न्हवतं.

उभी राहते म्हणून बसगोंडाला कळवलं तिनं. त्यानं अटी सांगितल्या. उपाध्यक्ष त्याचा पुतण्या, आणि गटारीचं काम तो सांगंल त्याला. ती म्हणाली, "अण्णा, उपाध्यक्ष मेंबरांनी निवडायचा. गटारीचं मीटिंगमधी ठरंल. जमत नसलं तर रत्नावैनी हायतच." फोन ठेवला आणि झरोक्यातनं म्हणाली, पदर बघा माझा, बोलता बोलता दोरीगत पिळलाय. झरोक्यातनं पदर कसा दिसंल? म्हटलं, दिसतोय.

बसगोंडाचा संध्याकाळी उलटा फोन. बरं म्हणाला.

१७ जुलै, सोमवार

मेंबरांच्या सहली निघाल्या. रामचे सहा कोकणात कुठं तरी. बसगोंडाचे गुंजीजवळ एका फार्महौसवर, स्टेशनच्या अलीकडं, कोंबड्यांची सोय हाय म्हणं. निवडणुकीपर्यंत कुणी फोडू नये म्हणून माणसं लोणच्यासारखी झाकून ठेवायची. रत्नाबी गेली. जाताना म्हणाली, लगीन झाल्यावर पहिल्यांदा फिरायला चालले, आत्ती, खुर्ची मिळो न मिळो.

मंगल गेली न्हाय. बसगोंडाला सांगितलं, माझी म्हातारी वेगळी राहते, एकटी हाय, तिला सोडून येत न्हाय.

झरोक्यातनं म्हटलं, मला कशाला मधी घेतलंस?

"तुम्ही मला मधी घेतलं तवा मी विचारलं?"

तवा चढवला.

१९ जुलै, बुधवार

आता दारात पहारा. बसगोंडाची दोन पोरं मोटारसायकलवर, मंगलला कुणी पळवू नये म्हणून. रामची दोन, तिला कोण भेटतं ते बघायला. पहिल्या दिवशी कट्ट्याच्या दोन टोकांला बसली. दुसऱ्या दिवशी पत्ते एकाकडं आणि चटई दुसऱ्याकडं, मग काय करणार.

चहा मंगलकडनं जातो. माझा दिला तर चौघं माझ्या घरची व्हायची. एवढी भूक मला परवडत न्हाय.

रामच्या पोरांतला एक शिंप्याकडं कामाला हुता. मंगलच्या मशीनचा पट्टा घसरत हुता, त्यानं बसवून दिला. बसगोंडाची पोरं बघत हुती, हे फोडणं झालं का न्हाय म्हणून.

अधिक महिना लागला. जावई न्हाय, अनारसे न्हाईत. अनूचं लगीन म्हटलं की मंगल अंगावर येते.

२२ जुलै, शनिवार

अनूचा फोन. आज्जी, आईनं सांगितलं न्हाय पण शांतव्वा आज्जीनं सांगितलं, तू वेगळी राहतीस? म्हटलं, चुलीवरची भाकरी खाऊ वाटली. ती काय खुळी न्हाय. पण पुढं विचारलं न्हाय.

कॉलेजातनं तिला ती बेळगावची मोठी पांढरी इमारत बघायला नेलंतं. राज्याची विधानसभा. म्हणते, एवढी मोठी, आणि आत पाखरू न्हाय. थंडीत दहाएक दिस भरते, एरवी कुलूप. मी म्हटलं, आमची पंचायत बरी, तिथं निदान शेळ्या बसत्यात.

मग तिथल्या सभापतीचं सांगितलं. निवडून येतो एका पक्षाचा, पण सभापतीच्या खुर्चीत बसला की कुणाचाच न्हाय. दोन्हीकडच्यांना बोलू द्यायचं. ओरडणाऱ्याला बसवायचं.

म्हटलं, कुणाच्याच बाजूचं न्हाय असं माणूस मी फक्त मेलेलं बघितलंय.

पोरगी हसली लई. नंतर झरोक्यातनं मंगलला सांगितलं. ती हसली न्हाय. मशीन थांबवून म्हणाली, "मी तशी बसून बघते की."

मला वाटलं, बसंल. मग काळजी वाटली. बसगोंडाला हे ठाऊक न्हाय अजून.

२६ जुलै, बुधवार

उद्या हाय.

मंगलनं निळी इरकल काढली, मग परत ठेवली, मग साधी काढली. झरोक्यातनं दोन्ही वर धरून दाखवल्या. निळी घाल म्हटलं. साध्यात गेलीस तर म्हणतील, खुर्ची मिळंल असं हिलाच वाटत न्हाय.

तिनं पाया पडायला हात आत घातला. झरोक्यातनं पाया कसं पडतात? डोक्यावर हात ठेवायला मला पाटावर उभं राहावं लागलं. गुडघा बोलला. केसांला खोबरेल लई लावलंय.

२७ जुलै, गुरुवार

झालं.

मेंबर दोन गाड्यांतनं थेट दारात उतरले. चेहरे सुजलेले, कोंबड्या बाधल्या असाव्यात. निपाणीहून साहेब आलता निवडणूक घ्यायला. आत फक्त मेंबर. आम्ही सगळे बाहेर. मतं चिठ्ठीवर, गुप्त.

राम माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. तो मेंबर न्हाय, आत जाता येत न्हाय. अडीच वर्सं आत बसला ते उपाध्यक्षाच्या कानाशी स्टूल टाकून. आज नव्या साहेबानं स्टूल बाहेर काढलं. त्याच स्टुलावर मला म्हणाला बस.

बसले. आतनं कन्नडात बोललेलं येत हुतं, कळत न्हवतं. मंगलचा आवाज एकदा आला. तेवढा कळला, शब्द न्हाय.

मंगल सात, रत्ना सहा.

बसगोंडाच्या पोरांनी गुलाल उधळला. कट्ट्यावरचा पहारासुद्धा, चारीच्या चारी, लाल. रत्ना बाहेर आली, मंगलचा हात धरून. दोघींना कुणी वेगळं करायचं ते पुरुषांला कळेना.

मी उठले न्हाय. राम खाली बघत हुता. त्याच्या पायावर गुलाल पडला तो झटकला न्हाय त्यानं. म्हटलं, राम्या.

"काय."

"चुकलं माझं. तुझ्याशीबी आणि तिच्याशीबी."

आता त्यानं पाय झटकला. मग म्हणाला, "जेवायला काय केलंयस?"

आला माझ्याकडं. माझ्या चुलीपाशी बसला. पिठलं भाकरी. म्हणतो, "तुझ्या घराचं मत मलाच हाय की. हक्कानं खातो." खाता खाता ठसका लागला. पाणी दिलं. डोळे पुसले त्यानं, ठसक्यानं येतं पाणी.

पलीकडनं मंगलच्या दारात माणसांचा गलका. झरोक्यातनं पेढा आत आला. राम आणि मी अर्धा अर्धा.

९ ऑगस्ट, बुधवार

मंगलची पहिली मीटिंग. खुर्चीवर उशी घातली हुती कुणी तरी, ती काढून ठेवली म्हणाली, पाय टेकत न्हवते.

साकव घेतला पहिला. बसगोंडा म्हणाला, आधी गटार. रामच्या बाजूचे म्हणाले, ओढा आपला न्हाय. दोन्हीकडचे पहिल्यांदाच एका बाजूला. तिनं सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता लिहा. ओढ्यावर साकव. विरोध करणाऱ्यांची नावंबी लिहा, म्हणजे त्यांच्या घरची माणसं जाताना वाचून दाखवता येतील." कुणी नाव दिलं न्हाय.

वरच्या खात्याला कागद गेला. वरचं खातं म्हणजे वरच. तिथनं काय येतं, कधी येतं.

बसगोंडा तोंड पाडून गेला. त्याचा पुतण्या उपाध्यक्ष झालाय, तो दारात थांबला हुता, कानाशी बोलायला. हिनं स्टूल उचलून कपाटामागं ठेवलं.

जेवताना सांगत हुती झरोक्यातनं. माझा घास हातातच राहिला. म्हटलं, एकदा येऊन बघते तुझी मीटिंग. म्हणाली, गावकऱ्यांना ग्रामसभेला येता येतं, या. आणि वेगळ्या घरची म्हणून वेगळ्या प्रश्नांसकट या.

११ ऑगस्ट, शुक्रवार

मंगल विचारते, "आता परत एकत्र करू. झालं की सगळं."

म्हटलं, झालं कुठं? रत्ना बसली न्हाय, म्हणजे शब्द मोडलाच माझा. मोडला तो माझ्या चुलीवर. एकत्र केली की तिच्याबी चुलीवर.

"गुरव म्हणाला, पक्कं देवाला ठाऊक."

"म्हणूनच."

"अडीच वर्सं अशीच भाकरी थापणार?"

म्हटलं, तुझी खुर्ची अडीच वर्सं टिकते का ते बघ आधी. अविश्वास आणतील. रुसली. वाटीतली भाजी द्यायची इसरली. अर्ध्या तासानं दिली. कारलं.

१४ ऑगस्ट, सोमवार

अनूचा फोन. उद्या झेंड्याची सुट्टी, सकाळच्या गाडीनं येतीया. दोन दिस राहणार.

मंगलनं तिला सगळं सांगितलंय, हळदीपासनं चुलीपर्यंत. कशाला सांगितलंस म्हटलं तर म्हणते, तुम्ही कुणाला न सांगता केलं त्याचं काय झालं.

अनू म्हणाली, "आज्जी, मी तुझ्याकडं जेवणार."

म्हटलं, आईनं तुझ्यासाठी गॅसवर गरम केलेलं असंल.

"मला चुलीवरची पायजे. शेंगदाण्याची चटणी कर. मी भित न्हाय."

"तू भित न्हाईस गं. मी भिते."

तिकडनं गाड्यांचा आवाज येत हुता. मग म्हणाली, "मग काय, अडीच वर्सं तू एकटीच जेवणार, आणि मी तुला झरोक्यातनं बघणार? आणि तोवर तुला काय झालं तर?"

ये तर खरी, बघू, म्हणून फोन ठेवला.

मंगलला झरोक्यातनं विचारलं, तुला काय वाटतं? तू आई तिची. यावेळी विचारतीया.

तिनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मलाबी भीती वाटते, आत्याबाई. पण पोरगी हक्कानं मागतीया."

व्हय का न्हाय ते बोलली न्हाय. मीबी विचारलं न्हाय परत.

चटणी कुटून ठेवली. लसूण जास्त, तिला आवडतो तसा. पीठ अनूचं आणि माझं, दोघींचं चाळून परातीत काढलंय. सकाळी नको वाटलं तर एकीचं परत डब्यात घालायला कितीसा येळ लागतोय.